घरच्या आयपी कॅमेऱ्यांचं वायरिंग: केबल निवडण्यापासून कनेक्टर मारण्यापर्यंत

घरात चार-सहा आयपी कॅमेरे बसवायचे ठरले की सगळी चर्चा कॅमेऱ्याभोवती फिरते. किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसतं का, मोबाइलवर येतं का. केबलचा विषय निघाला की दुकानदार म्हणतो, "कॅट सिक्स घ्या, चालून जाईल." पहिले काही महिने चालूनही जातं. मग पाऊस लागतो आणि गेटवरचा कॅमेरा अंधार पडला की बंद व्हायला लागतो, सकाळी आपोआप सुरू होतो. कॅमेरा बदलला तरी तक्रार तीच. अशा तक्रारींत कॅमेरा बहुतेक वेळा निर्दोष निघतो. दोष तारेत असतो, नाहीतर तिच्या टोकाला मारलेल्या कनेक्टरमध्ये.

हे टाळायचं तर एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. कॅमेऱ्याची केबल ही आधी विजेची तार आहे, मग डेटाची. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) साधारण २ ते ४ एमबीपीएस डेटा पाठवतो. साधी कॅट ५ई केबल (कॅट म्हणजे केबलची श्रेणी) १,००० एमबीपीएस वाहू शकते. डेटाच्या बाजूने केबलवर काहीच ताण नाही. ताण येतो तो त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज जाते म्हणून. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय यावरून ठरतात.

आधी कागदावर

घराचा साधा आराखडा काढा आणि एनव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) व पीओई स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येतात तो डबा) कुठे बसणार ते ठरवा. पीओई म्हणजे इथरनेट केबलमधूनच वीज देण्याची पद्धत. असा स्विच घेतला की कॅमेऱ्याजवळ प्लग पॉइंट लागत नाही, अडॅप्टर लागत नाही. प्रत्येक कॅमेऱ्यापासून स्विचपर्यंत एक अखंड केबल येते. जुन्या डीव्हीआरसाठी जी 'थ्री प्लस वन' केबल आणि बीएनसी कनेक्टर वापरायचे, त्यांचं इथे काम नाही.

अंतर मोजताना टेप भिंतीच्या कडेने, वर चढून, कोपरे वळून न्या. समजा एक बंगला आहे: गेट ४२ मीटर, पार्किंग १८, मागचं दार २६, गच्ची २१. बेरीज १०७. वळणं आणि दोन्ही टोकांची शिल्लक धरून दहा-पंधरा टक्के वाढवले की १२० मीटर होतात. म्हणजे १०० मीटरचं बंडल पुरत नाही, आणि कमी पडलं की नेमका शेवटच्या कॅमेऱ्याला जोड द्यायचा मोह होतो. पूर्ण बॉक्स ३०५ मीटरचा असतो. तो नको असेल तर मीटरवर कापून देणारं दुकान शोधा, पण तुकडे जोडायचा विचार करू नका.

स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत कमाल अंतर १०० मीटर. प्रमाणित हिशोबात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड, म्हणजे कनेक्टर लावलेल्या आखूड केबल, असे धरतात. काही स्विचवर 'एक्स्टेंड' नावाचं बटण असतं आणि २५० मीटर लिहिलेलं असतं. ते दाबल्यावर वेग १० एमबीपीएसवर येतो. शेतघराच्या लांबच्या फाटकासाठी अडीअडचणीला ठीक, नव्या वायरिंगचा आराखडा त्याच्या भरवशावर करू नये.

कॅटचा आकडा आणि तांबं

कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट ६ २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. दोन्ही १०० मीटरपर्यंत गिगाबिट देतात. कॅट ६ए वर १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर जातं, पण ती जाड असते, वळवायला कडक असते आणि घरच्या कॅमेऱ्यांना तिचा काही उपयोग नाही. माझं मत विचाराल तर कॅट ६ घ्या, वेगासाठी नव्हे तर तांब्यासाठी. कॅट ५ई मध्ये बहुधा २४ एडब्ल्यूजीची तार असते, चांगल्या कॅट ६ मध्ये २३ ची. या मोजमापात आकडा जितका लहान तितकी तार जाड. जाड तार म्हणजे कमी रोध, आणि कमी रोध म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत जास्त वीज. २६ किंवा २८ एडब्ल्यूजीच्या सडपातळ, दिसायला देखण्या केबल रॅकमधल्या पॅच कॉर्डपुरत्या ठेवा.

पण आकड्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. तार खरोखर तांब्याची आहे का?

बाजारात सीसीए नावाचा प्रकार सर्रास मिळतो. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. बॉक्स तसाच दिसतो, त्यावर 'कॅट ६' छापलेलं असतं, किंमत मात्र बरीच कमी. टीआयए-५६८ आणि आयएसओ ११८०१ ही जी मानकं कॅटची व्याख्या करतात, त्यांत तार अस्सल तांब्याचीच लागते. त्यामुळे सीसीएवर छापलेल्या 'कॅट ६' ला अर्थ नाही. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. शिवाय ते ठिसूळ असतं, दोन-तीनदा वाकवलं की कनेक्टरच्या तोंडाशीच तुटतं. आणि मुलाम्यावर चरा पडून आत हवा-पाणी गेलं की ॲल्युमिनियम गंजायला लागतं, सांध्यावर गरम होतं.

दुकानातच ओळखायचं असेल तर एक वीतभर तुकडा मागून घ्या. एक तार सोला आणि ब्लेडने हलकेच खरवडा. तांबं कितीही खरवडलं तरी तांबूसच राहतं. सीसीए दोन घासांत आतून चांदीसारखं पांढरं दिसतं. कापलेलं टोक उजेडात धरलं तरी मधला पांढरा ठिपका दिसतो. वजनही बोलतं, तांब्याचा ३०५ मीटरचा बॉक्स उचलताना हात खाली ओढला जातो आणि सीसीएचा फारच सहज उचलला जातो.

घरी मल्टीमीटर असेल तर याहून पक्की परीक्षा होते. केबलच्या एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन्ही तारा सोलून एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्यावर जो आकडा येतो तो आधी वजा करा. १०० मीटर अस्सल तांब्याला २४ एडब्ल्यूजीमध्ये साधारण १७-१८ ओम येतात आणि २३ मध्ये १३-१४. २७-२८ ओम आले तर केबल सीसीएची आहे किंवा तार सांगितल्यापेक्षा बारीक आहे. दोन्ही बाबतींत परत करा. बॉक्सच्या बाहेर एक टोक असतं आणि आतलं टोकही बहुधा हाताला लागतं, त्यामुळे ३०५ मीटरच्या बॉक्सवरही हे जमतं. तिथे आकडे तिप्पट धरायचे.

आणखी एक भेद. सॉलिड केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध असते, स्ट्रँडेडमध्ये बारीक केसांसारख्या तारांचा पेळू असतो. भिंतीतून, पाइपातून न्यायची ती सॉलिड. स्ट्रँडेड फक्त छोट्या पॅच कॉर्डसाठी.

शील्डेड केबलबद्दल थोडक्यात. आत पन्नीचं आवरण असलेली एफटीपी केबल 'जास्त चांगली' म्हणून खपवली जाते. ते आवरण अर्थिंगला जोडलं तरच कामाचं. घरचा स्विच दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालत असेल आणि कनेक्टर प्लॅस्टिकचे असतील, तर ते आवरण कुठेच जोडलेलं नसतं. घरासाठी साधी, बिनआवरणाची यूटीपी घ्या आणि विजेच्या वायरिंगपासून लांब ठेवा.

उघड्यावर मात्र जॅकेट बघावंच लागतं. घरातल्या वापराची राखाडी किंवा निळी पीव्हीसी केबल उन्हात काही वर्षांत कडक होते, तडकते, आणि त्या भेगेतून पाणी शिरतं. बाहेरच्या भागाला काळ्या पॉलिइथिलीन जॅकेटची आउटडोअर केबल घ्या, नाहीतर साधी केबल पूर्ण पाइपात बंद करा. अंगणात जमिनीखालून न्यायची असेल तर आत जेल भरलेली केबल मिळते. तीही पाइपातून न्या, म्हणजे उद्या बदलता येईल आणि उंदीर-घुशींपासूनही वाचेल. वेगळ्या इमारतीत, म्हणजे गोठा, आउटहाउस, लांबचं गेस्ट रूम इथे जायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका आणि पलीकडे छोटा स्विच ठेवा. वळवाच्या विजा पडतात तेव्हा दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार दोन्हीकडची उपकरणं घेऊन जाते.

वीज किती जाते

पीओईचे तीन प्रकार लक्षात ठेवा. ८०२.३एएफ, २००३ चं मानक: स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट, केबलची गळती धरून कॅमेऱ्याला १२.९५ वॉटची हमी. ८०२.३एटी, २००९ चं: पोर्टवर ३० वॉट, कॅमेऱ्याला २५.५. २०१८ चं ८०२.३बीटी त्याहून मोठ्या उपकरणांसाठी आहे, घरी लागत नाही. साधा बुलेट किंवा डोम कॅमेरा ५ ते १० वॉटमध्ये भागतो, म्हणजे एएफ पुरतं. फिरणारा पीटीझेड असेल तर त्याच्या डब्यावरचे वॉट वाचा. बऱ्याचदा एटी लागतं.

स्विच घेताना पोर्ट मोजता तसं त्याचं एकूण पीओई बजेटही बघा. आठ पोर्टचा स्विच आणि बजेट ६० वॉट असेल, तर आठही कॅमेरे १० वॉटचे लावता येणार नाहीत. आणि हा हिशोब रात्रीच्या वॉटवर करा, कारण इन्फ्रारेड किंवा पांढरे दिवे लागले की कॅमेऱ्याची भूक वाढते.

मानकाप्रमाणे चालणारा स्विच पोर्टवर एकदम वीज सोडत नाही. आधी अगदी कमी व्होल्ट देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओमचा ठरलेला रोध आहे का हे तपासतो, आणि तो सापडला तरच ४८ व्होल्टच्या आसपास दाब देतो. म्हणून त्यात चुकून लॅपटॉप लावला तरी काही होत नाही. 'पॅसिव्ह पीओई' म्हणून जे स्वस्त इंजेक्टर मिळतात ते काहीही न तपासता थेट वीज सोडतात. ते घेऊ नका.

आता एक जुगाड, जो आपल्याकडे जागोजाग दिसतो. कॅमेरा १०० एमबीपीएसवर चालतो तेव्हा डेटाला फक्त नारंगी आणि हिरवी जोडी लागते. उरलेल्या निळ्या आणि तपकिरी जोडीतून १२ व्होल्टच्या अडॅप्टरची वीज पाठवायची, की पीओई स्विचचे पैसे वाचले. वरच्या ४२ मीटरच्या गेटचं गणित करून बघा. २४ एडब्ल्यूजी तांब्याचा जाऊन-येऊन रोध साडेतीन ओम होतो, निळी जोडी प्लस आणि तपकिरी जोडी मायनस धरून. रात्री ८ वॉट खाणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत १२ पैकी जेमतेम नऊ व्होल्ट पोचतात. केबल सीसीएची असेल तर रोध साडेपाच ओमच्या पुढे जातो, आणि मग त्या तारेतून साडेसहा वॉटसुद्धा पोचू शकत नाहीत. ८ वॉटचा प्रश्नच मिटला. दिवसा ४ वॉटवर कॅमेरा सुरळीत चालतो, दिवे लागले की कोसळतो. तोच कॅमेरा त्याच तांब्याच्या केबलवर ४८ व्होल्टने चालवला तर गळती अर्ध्या-पाऊण व्होल्टची. रात्री बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याचं सगळं कोडं या चार ओळींत आहे.

केबल ओढताना

विजेच्या २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपात इथरनेट केबल घालायची नाही, हा सुरक्षेचाही नियम आहे. समांतर जायचं झालं तर फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना छेदायचंच असेल तर काटकोनात छेदा. २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात चार कॅट ६ केबल आरामात बसतात, पाचवी कोंबू नका.

ओढण्याआधी दोन्ही टोकांना क्रमांक लिहा. बॉक्समधून केबल काढली, टोकावर '१' लिहिलं, ओढली, कापण्याआधी या टोकावरही '१' लिहिलं, मग कापली. चार सारख्या केबल एनव्हीआरपाशी लोंबायला लागल्यावर कोणती गेटची हे ओळखत बसण्यापेक्षा हे बरं. जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतील तर दोन्ही टोकांचे आकडे वहीत टिपा. वजाबाकी केली की नेमकी लांबी मिळते आणि पुढे दोष शोधताना ती उपयोगी पडते.

झटके देऊन ओढू नका. चार जोड्यांच्या केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण सोसत नाही; आतल्या जोड्यांचा पीळ सैल होतो आणि बाहेरून काही कळत नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं, म्हणजे ६ मिलिमीटरच्या केबलला २५ मिलिमीटर. कोपऱ्यावर हातोडीने क्लिप ठोकताना केबल चेपू देऊ नका. भिंतीला आरपार भोक पाडताना ड्रिल बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं धरा, म्हणजे पावसाचं पाणी आत ओघळत नाही. कॅमेऱ्याकडे अर्धा मीटर आणि स्विचकडे दीड-दोन मीटर शिल्लक ठेवा. एखादा कनेक्टर चुकला तर कापून पुन्हा मारायला हीच शिल्लक कामी येते.

कनेक्टर मारणे

लागणारं साहित्य: कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, जॅकेट सोलायचा स्ट्रिपर, धारदार कटर, केबल टेस्टर आणि आरजे-४५ कनेक्टर. कनेक्टर घेताना केबल सोबत न्या. कॅट ६ च्या तारेचं प्लॅस्टिक थोडं जाड असतं, ती कॅट ५ई च्या कनेक्टरमध्ये शिरता शिरत नाही. सॉलिड तारेसाठीचा कनेक्टर मागा. त्याची पाती तारेला दोन-तीन दातांत धरते. स्ट्रँडेडसाठीची पाती तारेत घुसण्यासाठी असते आणि सॉलिड तारेवर नीट बसत नाही. किनारपट्टीला राहत असाल तर पातीवरच्या सोन्याच्या मुलाम्यात काटकसर नको. ५० मायक्रोइंचाचा मुलामा खाऱ्या हवेत टिकतो, नुसता चमकणारा टिकत नाही.

तारांचा क्रम टी-५६८-बी, दोन्ही टोकांना हाच:

१. पांढरा-नारंगी
२. नारंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

टी-५६८-ए नावाचा दुसरा क्रमही आहे, त्यात नारंगी आणि हिरव्याची अदलाबदल असते. तोही चालतो. फक्त घरभर एकच ठेवा.

आता हातातलं काम. कॅमेऱ्याच्या टोकाला सुरुवात करण्याआधी थांबा आणि कॅमेऱ्याच्या डब्यातली वॉटरप्रूफ टोपी बाहेर काढा. तिचे तीन भाग असतात: मागचं नट, मधला रबरी बूच आणि पुढचं नळकांडं. कनेक्टर मारल्यावर यांतले बरेचसे केबलवर चढत नाहीत. म्हणून आधी नट, मग रबर, मग नळकांडं या क्रमाने केबलमध्ये ओवून मागे सरकवून ठेवा.

मग जॅकेट तीन सेंटिमीटर सोला. स्ट्रिपर एकदाच हलक्या हाताने फिरवा आणि जॅकेट वाकवून तोडा. पातं आतल्या तारांपर्यंत जाता कामा नये. प्रत्येक तार उजेडात फिरवून बघा. एकीवरही चरा दिसला तर सगळं कापून पुन्हा सुरू करा, कारण चरा पडलेली तार आज चालते आणि सहा महिन्यांनी तुटते. आत प्लॅस्टिकचा चौफुला कणा असेल तर तो जॅकेटच्या तोंडाशी कापा.

चारही जोड्यांचे पीळ सोडवा आणि प्रत्येक तार सरळ करा. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावरून ओढली की ती छान सपाट होते. क्रमाने लावा, अंगठा आणि तर्जनीमध्ये घट्ट चिमटा आणि डावी-उजवीकडे हलवत राहा. तारा हळूहळू एका रांगेत बसतात. आता चिमटीपासून १२-१३ मिलिमीटर ठेवून एकाच फटक्यात काटकोनात कापा. हे अंतरच कळीचं आहे. यापेक्षा लांब ठेवलं तर जॅकेट कनेक्टरच्या बाहेर राहतं, पीळ सुटलेली लांबी वाढते आणि सगळा ताण आठ नाजूक तारांवर येतो. आखूड ठेवलं तर तारा टोकाला पोचत नाहीत.

कनेक्टर असा धरा: सोनेरी पाती वर, खटका खाली, भोक तुमच्याकडे. या स्थितीत पांढरा-नारंगी डावीकडे येतो. तारा सपाट ठेवून आत सारा आणि शेवटपर्यंत दाबा. मग कनेक्टरच्या तोंडाकडून समोरून बघा. तांब्याची आठही टोकं चमकताना दिसली पाहिजेत. बाजूने बघा, जॅकेट आतल्या पाचरीच्या खाली गेलेलं हवं. पुन्हा एकदा क्रम वाचा. मग टूलमध्ये घालून एकदा पूर्ण जोराने दाबा. आठही पाती एकाच पातळीला खाली गेल्या आहेत ना हे नखाने चाचपून बघा. शेवटी केबलला हलका हिसका द्या. जॅकेट सरकलं तर कनेक्टर वाया गेला, पुन्हा मारा. पहिल्या दिवशी पाच-सहा कनेक्टर सरावाला ठेवा आणि उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घ्या.

आरपार जाणारे, ज्यांना पास-थ्रू म्हणतात ते कनेक्टर नवख्याला सोपे वाटतात. तारा पुढून बाहेर येतात, क्रम डोळ्यांनी दिसतो आणि टूलचं पातं त्या कापतं. अडचण एकच: पातं बोथट असेल तर तांब्याचे बारीक काटे तोंडाशी राहतात, शेजारच्या काट्याला टेकतात, आणि पीओईवर तो शॉर्ट असतो. वापरायचेच तर प्रत्येक कनेक्टरचं तोंड भिंगातून बघा.

स्विचच्या टोकाला थेट कनेक्टर मारण्याऐवजी कीस्टोन जॅक, म्हणजे भिंतीवरचं नेटवर्क सॉकेट, लावलेला मला बरा वाटतो. दुकानात त्याला 'आयओ' म्हणतात. सॉलिड तार रोजच्या हलण्याला सोसत नाही, म्हणून तिला जॅकमध्ये पंच करून भिंतीवर स्थिर करायचं आणि तिथून स्विचपर्यंत तयार पॅच कॉर्ड घालायचा. जॅकच्या बाजूला ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. बी प्रमाणे तारा खाचांत बसवा, पीळ खाचेच्या जवळपर्यंत राहू द्या आणि पंचिंग टूलचं कापणारं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून दाबा.

पाण्यापासून

बाहेरचा कॅमेरा जिथे केबलला भेटतो तो सांधा पावसाळ्यात सगळ्यात आधी जातो. ओल आणि सतत असलेली डीसी वीज एकत्र आली की पाती गंजते आणि हिरवट भुकटी धरते. आधी ओवलेली टोपी आता घट्ट आवळा, आतली रबरी चकती जागेवर आहे ना बघा, आणि पूर्ण सांधा कॅमेऱ्यामागच्या आयपी६५ (धूळ-पाणी रोखणाऱ्या) जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. बॉक्सचं भोक खालच्या बाजूला हवं. वरून केबल घेतली तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत येतं, आणि जॅकेटमध्ये शिरलं तर तारांच्या फटींतून उतरत थेट स्विचपर्यंत जाऊ शकतं. नुसत्या काळ्या इन्सुलेशन टेपवर विसंबू नका. उन्हाने तिचा गोंद सुटतो. स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली तर टिकते.

तपासणी

आठ दिव्यांचा टेस्टर दोन्ही टोकांना लावा. दिवे १ ते ८ क्रमाने लागले की जोडणी बरोबर. चालू पीओई पोर्टला मात्र टेस्टर लावायचा नाही, तो जळू शकतो.

या टेस्टरला एक दोष दिसत नाही. कोणी दोन्ही टोकांना सारखाच, पण मनचा क्रम लावला, उदाहरणार्थ जोड्या ओळीने नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी, तर दिवे व्यवस्थित लागतात. पण ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा आता एका पिळाच्या नसतात, दोन वेगळ्या जोड्यांतल्या असतात, आणि पीळ ज्या गोंगाटापासून वाचवतो ते संरक्षण जातं. चित्र अडखळतं, लांब केबलवर तर दिसतच नाही. म्हणून दुसरी परीक्षा घ्या. स्विचचा किंवा राउटरचा गिगाबिट पोर्ट आणि गिगाबिटचा लॅपटॉप, मध्ये तुमची केबल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. लॅपटॉपने १,००० दाखवलं आणि मोठी फाइल न अडखळता गेली, तर केबल कॅमेऱ्याला हमखास पुरेल. १०० वर अडकली तर निळी किंवा तपकिरी जोडी तपासा.

मग कॅमेरा लावा आणि पहिली परीक्षा रात्रीची घ्या. दिवे लागलेले असताना तासभर चित्र बघा. स्विचच्या सेटिंगच्या पानावर पोर्टचे वॉट दिसत असतील तर टिपून ठेवा.

बिघाड झाला तर

कॅमेरा रात्रीच बंद पडतो: वीज कमी पडते आहे. स्विचचं बजेट, सीसीए आणि कनेक्टर या क्रमाने तपासा. पावसातच बंद पडतो: बाहेरचा सांधा उघडा, हिरवी भुकटी दिसली तर कनेक्टर कापून नवा मारा; पुसून पुन्हा लावलेला टिकत नाही. चित्र तुटतं पण कॅमेरा बंद होत नाही: जोड्यांचा क्रम किंवा शेजारून जाणारी विजेची तार. कॅमेरा मुळीच सुरू होत नाही आणि पोर्टचा दिवाही लागत नाही: तोच कॅमेरा काढून स्विचशेजारी दोन मीटरच्या तयार पॅच कॉर्डवर लावा. तिथे चालला तर दोष केबलमध्ये, नाही चालला तर कॅमेऱ्यात किंवा पोर्टमध्ये. कॅमेरा खाली आहे तोवर तोच पॅच कॉर्ड दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चालू पोर्टवरही लावून बघितला तर पोर्टचा संशयही तिथेच फिटतो. केबल मध्येच कुठे कुरतडली गेली असेल तर तारा पिळून टेप लावू नका. शक्य असेल तर जुन्या केबललाच नवी बांधून पाइपातून ओढून घ्या. अगदीच जमत नसेल तर दोन्ही तुटक्या टोकांना कनेक्टर मारून कपलरने (दोन कनेक्टर जोडणारा छोटा तुकडा) जोडा आणि कपलर कोरड्या बॉक्समध्ये, हात पोचेल अशा जागी बसवा, आणि ती जागा मीटरच्या आकड्यांशेजारी वहीत लिहून ठेवा.